ओहोटीची वाट

इ. स. १७३७ च्या चैत्रात दोन भाऊ दोन मोहिमांवर होते. थोरले बाजीराव बाळाजी उत्तरेत, धाकटे चिमाजी बल्लाळ कोकणात. थोरल्यांनी जड सामानसुमान बुंदेलखंडात पाठवून दिले, बादशाही सरदारांच्या फौजांना बगल दिली, लांबलांब मजला मारल्या आणि कोणाच्या ध्यानीमनी नसता ते दिल्लीच्या वेशीपाशी जाऊन उभे राहिले. त्याच पंधरवड्यात, किंबहुना त्याच आठवड्यात, धाकट्यांची फौज ठाण्याची खाडी ओलांडून साष्टीत उतरली. दिल्लीची धडक काही दिवसांत आटोपली. साष्टीतून निघालेली मोहीम मात्र वसईच्या तटावर जरीपटका चढेपर्यंत चालली, आणि तो चढला १७३९ च्या मे महिन्यात. म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ लोटला.

शाळेच्या पुस्तकात या दोन गोष्टी दोन निरनिराळ्या धड्यांत असतात. त्यामुळे त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याचे मुलांना सुचत नाही, आणि खरे सांगायचे तर शिक्षकांनाही सुचत नाही. घोडा तोच, माणसे त्याच मातीची, भाकरी तीच, घराणेही तेच. मग एका भावाला शेकडो कोसांवरची दिल्ली काही मजलांत गाठता यावी आणि दुसऱ्याला ठाण्यापासून डहाणूपर्यंतचा, आज लोकल गाडीने दोन-तीन तासांत संपणारा पट्टा घ्यायला दोन वर्षे लागावीत, हे कसे? पोर्तुगीजांचे किल्ले बळकट होते, तोफा भारी होत्या, हे उत्तर आपण देतो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. पुरे उत्तर कागदांत सापडत नाही, ते वाळूत आणि चिखलात आहे. ते मिळवायचे तर हा किनारा पायी चालावा लागतो. तशी एक योजना आम्ही काही शिक्षकमित्रांनी या हिवाळ्यासाठी आखली आहे, आणि ती आखता आखताच इतिहासाचा हा धडा मला प्रथम नीट वाचता आला.

आमची वस्ती भाईंदरची. भाईंदर पूर्वेचा केबिन रोड म्हणजे नावापासूनच रेल्वेचा रस्ता. दुकाने, क्लासांच्या पाट्या, रिक्षा आणि एकमेकींना खेटलेल्या इमारती यांच्या गर्दीत इथे जवळच खाडी आहे याची आठवण कोणाला राहत नाही. परंतु गाडी भाईंदर सोडून उत्तरेला निघाली की एकदम आभाळ मोकळे होते, पुलाखाली पाणी येते, पाण्यात पाणजू बेट दिसते. हीच ती वसईची खाडी. हिच्या दक्षिण काठाला साष्टी, उत्तर काठाला वसई. भाईंदरची जुनी ओळख मिठागरांची. भरतीचे पाणी वाफ्यात घ्यायचे, वाट अडवायची, उन्हाने ते आटवायचे. सारा व्यवहार चंद्राच्या आणि सूर्याच्या भरवशावर. पश्चिमेला डोंगरी, पाली, उत्तन ही गावे आणि चौकची टेकडी. त्या टेकडीवर धारावीच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. मुंबईतली धारावी ती ही नव्हे. या धारावीवरून वसईचा किल्ला खाडीपलीकडे समोर दिसतो. खाडीच्या तोंडावर नजर ठेवणारी ही जागा आपल्याकडे असावी म्हणून मराठे आणि पोर्तुगीज या दोघांनीही तिच्यासाठी माणसे खर्ची घातली, आणि अखेर १७३९ त ती मराठ्यांकडे आली.

तेव्हा योजना अशी ठरली : पहिल्या दिवशी धारावी पाहायची, संध्याकाळी खाडी ओलांडून वसई गाठायची, आणि तेथून समुद्राच्या काठाकाठाने अर्नाळा, दातिवरे, केळवे, माहीम, शिरगाव, सातपाटी, तारापूर, चिंचणी करीत डहाणूपर्यंत जायचे. हाच १७३७ ते १७३९ च्या मोहिमेचा उत्तरेकडचा पट्टा. ऐंशीएक किलोमीटरची वाट. चार दिवस, चार मुक्काम, आणि पाठीवर आठ किलोंपेक्षा अधिक ओझे नाही.

वाचक म्हणतील, ऐंशी किलोमीटर चार दिवसांत म्हणजे काही पराक्रम नव्हे. वारकरी म्हाताऱ्या बायाही याहून लांब चालतात. अगदी कबूल. घाटावरची वाट असती तर मी ही योजना पाच मिनिटांत आखली असती. किनाऱ्याची गोष्ट वेगळी. इथे अंतराला किंमत नाही, वेळेला आहे.

समुद्रकाठाने चालणारा माणूस कोठे चालतो? भरतीच्या वेळी पाणी सुरूच्या झाडांपर्यंत येते, उरते ती वरची भुसभुशीत कोरडी वाळू. तिच्यात पाऊल घोट्यापर्यंत रुतते, तासाला दोन-अडीच किलोमीटर म्हणजे खूप झाले. ओहोटी लागली की खालची ओली वाळू उघडी पडते. ती घट्ट असते, जणू शेणाने सारवलेले अंगण. तिच्यावर तोच माणूस तासाला पाच किलोमीटर सहज काढतो. म्हणजे चालायला ओहोटी हवी. परंतु दर पाच-दहा कोसांवर नदी समुद्राला मिळालेली आहे : वसईची खाडी, वैतरणेचे मुख, सातपाटीची खाडी, तारापूर-चिंचणीची, डहाणूची. तेथे होडी लागते आणि होडीला पाणी लागते. ओहोटीत खाडीच्या तोंडाशी वाळूचे दांडे उघडे पडतात, काठाला मांडीभर चिखल होतो. म्हणजे खाडी उतरायला भरती हवी. पायांना ओहोटी हवी आणि होडीला भरती हवी, या दोन मागण्यांच्या कात्रीत किनाऱ्यावरचा प्रत्येक प्रवासी सापडतो, मग तो एकटा गोसावी असो की वीस हजारांची फौज.

ही कात्री सोडवायची किल्ली आपल्या पंचांगात आहे. आमच्या बाजूचे कोळी आणि आगरी तिला गणित म्हणतसुद्धा नाहीत, इतकी ती त्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. तिथीची पाऊणपट करा. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती, आणि तिच्या मागेपुढे सहा तासांनी, सकाळी आणि रात्री नवाच्या सुमारास, ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. रोज भरती पाऊण तासाने, सुमारे दोन घटकांनी, पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. त्या दिवसांत पाणी चढते खूप आणि उतरतेही खूप, म्हणून पुळण रुंद मिळते. अष्टमीच्या आसपास भांग. पाणी ना फार चढत, ना फार उतरत. घड्याळाचा काटा दहा-वीस मिनिटे इकडेतिकडे होईल, वारा थोडा फरक पाडील, पण योजना आखायला हे गणित पुरेसे आहे. निघण्यापूर्वी छापील कोष्टकाशी ते ताडून पाहावे म्हणजे झाले.

आता हे गणित आमच्या वाटेला लावून पाहू. चालायला द्वितीयेला सुरुवात करावी. त्या दिवशी भरती दीडला, म्हणून ओहोटी सकाळी साडेसातला. उजाडता उजाडता वसईहून निघाले की दहा-साडेदहापर्यंत घट्ट वाळू पायाखाली राहते. भुईगाव, कळंब, राजोडी मागे टाकीत अर्नाळ्याला पोहोचायचे. अंतर अठराएक किलोमीटर. दीडच्या भरतीवर वैतरणेचे मुख होडीने ओलांडून दातिवरे गाठायचे आणि तेथे मुक्काम करायचा. तृतीयेला ओहोटी सव्वाआठला, भरती सव्वादोनला. दातिवऱ्याहून एडवण, केळवे, माहीम, शिरगाव करीत सातपाटी. हा सर्वांत लांबचा टप्पा, पंचवीस-सव्वीस किलोमीटरचा. भरती पुरती उतरून जाण्याआधी सातपाटीची खाडी ओलांडून पलीकडे मुरब्याला राहायचे. चतुर्थीला तारापूर आणि पंचमीला डहाणू.

या गणितात वेग कोठून आला ते पाहावे. घाई आम्हाला नाही, ती पाण्याला आहे. सकाळची ओहोटी आणि दुपारची भरती यांच्यामध्ये सहा तास असतात. तेवढ्यात दोन खाड्यांमधले अंतर कापले तर होडी मिळते. तास-दीड तास उशीर झाला तर होडी गाळात बसलेली असते आणि काठावर रात्र काढावी लागते. काठावर रात्र काढली की दुसऱ्या दिवशीचा हिशेबही कोलमडतो. म्हणून चाल जलद हवी, चाल जलद हवी म्हणून ओझे हलके हवे, आणि ओझे हलके हवे म्हणून घरून निघण्यापूर्वी दहादा विचार करायला हवा. हलकेपणा हा इथे शौक नाही, तो भरतीचा हुकूम आहे.

आमच्या पिशवीत म्हणून थोडेच आहे. एक जादा कपड्यांचा जोड, एक पंचा, एक चादर, बॅटरी, दोरीचा हातभर गुंडा, औषधाची पुडी, दोन लिटर पाणी. पायांत कॅनव्हासचे बूट. ते चिखलातही काढायचे नाहीत, कारण खाडीकाठच्या दगडांना चिकटलेली कालवे पात्यासारखी कापतात. खायला पहिल्या दिवसापुरत्या दशम्या, मग भाजके पोहे, गूळ, शेंगदाणे आणि वसईची सुकेळी. या सुकेळ्यांचे मला फार कौतुक आहे. पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवायची ही वसईकरांची जुनी विद्या. वजनाला हलकी, पोटाला आधार, आणि उन्हात नासत नाहीत. ज्या मुलखातून चालायचे त्याच मुलखाने चालणाऱ्याची शिदोरी तयार करून ठेवली आहे. तंबू नाही, स्वयंपाकाची भांडी नाहीत. किनाऱ्यावर दर दोन तासांनी गाव लागते आणि गावात देऊळ, शाळा किंवा ओळखीचे घर असते.

आता या योजनेच्या जागी फौज ठेवून पाहू. चिमाजी अप्पांच्या मोहिमेची सुरुवात मोठी नेटकी झाली. वसई पोर्तुगीजांकडे होती १५३४ पासून. गुजरातच्या बहादूरशहाने तहात ती दिली होती. दोनशे वर्षांत त्यांनी दमणपासून साष्टीपर्यंत किल्ल्यांची आणि ठाण्यांची साखळी बांधली. त्यांच्या राज्यात हिंदू रयतेवर धर्माच्या बाबतीत जो जाच होई त्याची गाऱ्हाणी पुण्याला पोहोचत होती, आणि अंजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे भाऊ पेशव्यांच्या मागे लागले होते. या अंजूरकरांनी पुण्याला केवळ तक्रार नेली नाही, माहितीही नेली. वाटा कोणत्या, खाड्या कोठे उतरता येतात, ठाण्याचा नवा किल्ला अजून अर्धवट आहे, चौकीवर किती माणसे आहेत, हे सारे त्यांनी सांगितले. फौज गुपचूप जमवली गेली आणि चैत्राच्या शुद्ध पक्षात ठाण्यावर घाला पडला. आपल्या पुस्तकांत या घटनेची तारीख कोठे मार्चअखेरची तर कोठे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली आढळते. त्याने गोंधळून जाऊ नये. इंग्रजांचे कॅलेंडर तेव्हा अकरा दिवस मागे होते, एवढाच त्याचा अर्थ. मागे मोजत गेले तर ती तिथी षष्ठी-सप्तमीच्या सुमाराची येते, म्हणजे भांगेकडे झुकलेले दिवस, खाडीतल्या पाण्याचा जोर कमी.

ठाणे पडले, घोडबंदर पडले, अर्नाळा हाती आला. इथपर्यंत वेग होता, कारण इथपर्यंत ओझे नव्हते. अचानक जाणारी टोळी आमच्यासारखीच असते; तिला एक ओहोटी आणि एक भरती पुरते. पुढे वसईच्या तटाशी आणि माहीमच्या कोटाशी गाठ पडली, तेव्हा तोफा आल्या, दारूगोळा आला, शिड्या आल्या, हजारो माणसांचा दाणागोटा आला. तोफेच्या गाड्याला कोरडी वाळू चालत नाही आणि खाजणातला चिखल तर मुळीच चालत नाही. तिला होडीत चढवायचे तर भरती हवी, पलीकडे उतरवायला घट्ट जमीन हवी, आणि त्या सबंध वेळात खाडीत शत्रूचे गलबत नसावे लागते. पोर्तुगीज मात्र समुद्रावरचे मालक. त्यांना वाटेचीच गरज नव्हती. दमणहून किंवा वसईहून जहाज सुटले की ते हव्या त्या कोटाखाली जाऊन उभे राही. १७३८ त माहीमचा वेढा फसला तो याच कारणाने. जमिनीवरून कोंडलेल्या किल्ल्याला समुद्राने सोडवले. ज्या घोडदळाने दिल्ली हादरवली त्याला इथे घोड्याच्या टापेखालची जमीन दिवसातून दोनदा नाहीशी होताना पाहावी लागत होती.

आणि हे सारे पावसाच्या आत उरकायला हवे. ज्येष्ठात समुद्र खवळला की मचवे वर ओढले जातात, खाजणे एकच पाणथळ होतात, आणि आश्विनापर्यंत किनाऱ्यावर फौज हलत नाही. म्हणजे दोन वर्षे म्हटली तरी हाती आलेले चालते महिने त्याच्या निम्म्याहून फार अधिक नव्हते. कोकणातल्या मोहिमेच्या कालखंडातून पावसाळे वजा न करता मराठ्यांना संथ म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

चिमाजी अप्पांचे मोठेपण मला याच ठिकाणी दिसते. थोरल्या भावाची युक्ती इथे चालणार नाही हे त्यांनी ओळखले. वेगाने किल्ला मिळत नाही तर क्रम लावून मिळवावा, असे त्यांनी ठरवलेले दिसते. आधी वसईची उत्तरेकडची मदत तोडायची. १७३९ च्या आरंभी ते स्वतः मोहिमेवर आले, आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या थोड्याच आठवड्यांत माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर, डहाणू ही ठाणी एकामागून एक पडली. आम्ही दोन-तीन दिवसांत जो टप्पा चालणार आहोत तोच हा. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले. पेशव्यांच्या घरोब्यातला हा सरदार. त्याच्या मृत्यूने पुण्यात मोठी हळहळ झाली. उत्तर मोकळी झाल्यावर मगच सारी शक्ती वसईच्या तटाशी लावली गेली.

वसईचा किल्ला ज्याने चालून पाहिला आहे त्याला वेढ्याचे वर्णन दोनदा वाचावे लागत नाही. दक्षिणेला खाडी, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला दलदल. जमिनीची वाट काय ती उत्तरेची, आणि तीही वाळूची. त्या वाळूत मराठ्यांनी मोर्चे खणले, मोर्चांतून सुरुंग तटाखाली नेले. समुद्राच्या बाजूने मानाजी आंग्र्यांचे आरमार उभे राहिले. म्हणजे पहिल्यांदाच भरतीवरही मराठे होते आणि ओहोटीवरही. मग मात्र किल्ल्याला सुटका नव्हती. मे महिन्यात सुरुंग उडाले, तटाला खिंडारे पडली, एकामागून एक हल्ले झाले. दोन्हीकडची माणसे शर्थीने लढली आणि मराठ्यांची हजारो कामी आली. अखेर किल्लेदार कैतान द सौझ याने निशाण दाखवले. शरण आलेल्यांना आठ दिवसांची मुदत मिळाली, कुटुंबांसह आणि चीजवस्तूंसह जाण्याची मोकळीक मिळाली, आणि जे मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याचीही. एवढे रक्त सांडल्यावर, एवढी माणसे गमावल्यावर हा शब्द दिला आणि पाळला, ही गोष्ट मला तटावरच्या जरीपटक्याइतकीच मोलाची वाटते.

उत्तन, पाली, डोंगरी या आमच्या गावांतून किंवा वसईतून चालताना हे विशेष जाणवते. वाटेवर क्रूस दिसतात, देवळे दिसतात, आणि दोन्हींपुढे वाकणारे लोक आपापल्या परीने मराठीच बोलत असतात. ती माणसे कोठून आली नाहीत. पोर्तुगीज आले आणि गेले, मराठ्यांकडून १७७४ त साष्टी आणि १७८० त वसई इंग्रजांनी घेतली, इंग्रजही गेले. जाळे विणणारा आणि वाडी शिंपणारा तेथेच राहिला. तो मोहिमांच्या इतिहासात कोठे आहे? तो आहे होडीच्या वल्ह्यावर. फौज खाडी उतरली असे आपण लिहितो, पण फौजेला कोणीतरी उतरवले. कोणत्या तिथीला पाणी किती, वाळूचा दांडा या वर्षी कोणत्या बाजूला सरकला आहे, हे पुण्याहून आलेल्या सरदाराला कसे ठाऊक असणार? पेशवे दप्तरातून निवडलेले कागद रियासतकार सरदेसायांनी छापले, त्यांत सरदारांची नावे आहेत, रकमा आहेत, जखमींची दखलही आहे. वाटाड्यांची नावे मात्र विरळा. अंजूरकरांचे नाव राहिले, कारण ते वतनदार होते. कोळ्याचे आणि भंडाऱ्याचे नाव पाण्यावर लिहिले गेले.

भरतीची ही सत्ता फक्त लढाईवरच चालते असे नाही. पायी चालण्याच्या योजनेचा विसाव्या शतकातला सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे दांडीयात्रा. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघून ५ एप्रिलला दांडी, सुमारे दोनशे चाळीस मैल. दर सोमवारी विसावा, मुक्कामाची गावे आधी ठरलेली, पुढे विद्यार्थ्यांची तुकडी जाऊन जागेची आणि पाण्याची व्यवस्था पाहणार. अंगावर आणि पाठीवर अगदी मोजके सामान, जेवण साधे. एकसष्टाव्या वर्षात असलेल्या गांधीजींची चाल एवढी झपाट्याची की तरुणांची त्रेधा उडे. संगीतज्ञ पंडित नारायण मोरेश्वर खरे त्या तुकडीत होते. एवढी चोख योजना, पण मही नदीशी येताच तिलाही पाण्याचे वेळापत्रक पाळावे लागले. भरती पाहून रात्री नावेत बसावे लागले आणि नावेतून उतरून चिखल तुडवावा लागला. ज्या साम्राज्याचा कायदा मोडायला ते निघाले होते त्याला त्यांनी भीक घातली नाही. चंद्राचा कायदा मात्र बिनतक्रार पाळला. आणि ते चालले होते ते मिठासाठी, जे भाईंदरच्या वाफ्यांत त्याच चंद्राच्या भरतीतून पिकत आले.

आमच्या वाटेवर आता पूर्वीचे सारे राहिलेले नाही. २०२४ पासून भाईंदर-वसई अशी मोठी फेरीबोट सुरू झाली आहे. तिच्यात मोटारीसुद्धा चढतात. तारापूरला १९६९ पासून अणुवीजकेंद्र आहे. तेथे किनारा बंद आहे, म्हणून आतल्या रस्त्याने वळसा घ्यावा लागतो. डहाणूजवळ वाढवणला २०२४ त मोठ्या बंदराची पायाभरणी झाली. केळव्याचा भुईकोट वाळूत गाडला गेला होता, तो हौशी दुर्गप्रेमींनी खणून मोकळा केला. तेथला पाणकोट मात्र अजून जहाजासारखा पाण्यात उभा आहे. माहीमच्या पानवेली आहेत. हे माहीम म्हणजेच ती महिकावती, जिच्या नावाची बखर राजवाड्यांनी १९२४ त छापली. मिठागरे आकसत चालली, आणि जेथे पूल झाला तेथली होडी थांबली. पूल वाईट असे मी म्हणणार नाही. आजारी बाईला भरतीची वाट पाहत काठावर बसावे लागू नये, यापरते पुण्य कोणते? परंतु होडी थांबली की होडीवाल्याचे ज्ञानही थांबते. वाळूचा दांडा कोणीकडे सरकला हे सांगणारा माणूस एका पिढीत नाहीसा होतो, आणि मग किनारा ही एक रेघ उरते, नकाशावरची. ज्यांना तिथीची पाऊणपट ठाऊक आहे अशी मुले माझ्या वर्गात वर्षाला एक-दोनच निघतात. तीही उत्तनची किंवा पालीची, केबिन रोडची नव्हेत.

म्हणून या चालीत एक शिस्त आम्ही पाळणार आहोत. प्रत्येक खाडीवर तेथल्या म्हाताऱ्या नाखव्याला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही, आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत वहीत टिपून घ्यायचे. जुने उतार नकाशात दिसले तरी आज ते तसे राहिलेले नसतात. ते चालत ओलांडण्याचा अविचार कोणी करू नये. जोडीला वही आणि पेन्सिल, एवढेच आठ किलोंतले चैनीचे सामान.

पंचमीच्या दुपारी डहाणूला पोहोचल्यावर परत यायला गाडी आहे; २०१३ पासून उपनगरी गाडी डहाणूपर्यंत जाते. चार दिवसांची वाट दोन तासांत उलटी सरेल. वैतरणेचा पूल धडधडत मागे पडेल, त्याखाली पाणी चढते आहे की उतरते आहे हे डब्यातल्या फारशा कोणाला कळणार नाही. चिमाजी अप्पांच्या फौजेतल्या साध्या शिपायाला ते कळत होते, कारण त्याचा जीव त्यावर अवलंबून होता. विजय कोणी मिळवला हे इतिहास सांगतो. तो मिळायला दोन वर्षे का लागली, हे सांगायला किनाराच लागतो, आणि तो वाचायचा तर पौष शुद्ध द्वितीयेला उजाडता उजाडता वसईच्या वाळूवर हलक्या पाठीने उभे राहावे.